पुढच्या डिस्कची खडखड आणि ब्रेक लावताना बसणारा ठोका : दोष नक्की कुठे?

आंबेनळी (सातारा)

नमस्कार. विषय तपशिलाने मांडतो आहे, कारण ब्रेकच्या बाबतीत अर्धवट माहितीवर सल्ला मागणे मला योग्य वाटत नाही.

माझी मोटरसायकल 2011 सालची, 600 सीसीची, चार सिलिंडरची आहे. पुढे 310 मिमी व्यासाच्या दोन फ्लोटिंग डिस्क आहेत, एबीएस नाही. तीन वर्षांपूर्वी मी ती जुनी घेतली तेव्हा 27,000 किमी झाले होते, आज 41,000 आहेत.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पुढच्या चाकातून खडखड ऐकू येऊ लागली. 20-25 च्या वेगाने खडीच्या रस्त्यावरून जाताना किंवा गतिरोधक ओलांडताना ती सर्वांत जास्त जाणवते. 60 च्या पुढे वाऱ्यात आणि इंजिनाच्या आवाजात बुडून जाते. लिव्हरवर नुसते बोट टेकवले, गाडीचा वेग कमी होईल इतकाही दाब दिला नाही, तरी ती तत्काळ थांबते.

दुसरे लक्षण मला अधिक अस्वस्थ करते. गाडी हाताने पुढे ढकलत पुढचा ब्रेक दाबला की 'टक्' असा स्पष्ट ठोका बसतो, आणि ब्रेक तसाच धरून गाडी मागे ओढली की पुन्हा एक 'टक्'. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना, प्रतापगडाच्या फाट्याच्या पुढच्या वळणांवर, हाच ठोका लिव्हरमधून बोटांना जाणवला. मागे पत्नी बसली होती. मी गाडी बाजूला घेतली आणि उरलेला घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, शक्यतो इंजिनाच्या ब्रेकवर उतरवला.

पहिल्या गॅरेजात निदान झाले की कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) गेला आहे. तो बदलला, ठोका तसाच राहिला. दुसऱ्या गॅरेजातल्या मिस्त्रींनी डिस्क हाताने हलवून दाखवली आणि म्हणाले, "बटणं सैल झालीत, हातोडीने चेपून घट्ट करून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे." मी थांबायला सांगितले. चेपून घेणे सुरक्षित आहे का, आणि मुळात फ्लोटिंग डिस्कमध्ये किती सैलपणा असायला हवा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सह्यकडा (पुणे)

चेपू देऊ नका. थांबलात हे फार चांगले केलेत.

सर्वप्रथम एकच गोष्ट तपासा आणि ती होईपर्यंत गाडी चालवू नका. डिस्क ज्या बोल्टांनी चाकाच्या हबवर बसते, ते सर्व बोल्ट घट्ट आहेत का, हे पान्याने पाहा. खडखडीची बाकीची बहुतेक कारणे काही आठवडे कळ काढू शकतात. हे एक काढू शकत नाही. त्याच वेळी कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) दोन्ही बाजूंचे बोल्टही पाहून घ्या.

ते घट्ट असतील तर पुढचे वाचा. फ्लोटिंग डिस्क दोन भागांची असते. आतला भाग ॲल्युमिनियमचा असतो, त्याला कॅरियर म्हणतात. बाहेरचे पोलादी कडे असते, ज्यावर पॅड घासतात. या दोघांच्या सांध्यावर गोल भोके असतात, प्रत्येक भोक अर्धे कॅरियरमध्ये आणि अर्धे कड्यात. त्या भोकात बॉबिन बसतो, ज्याला आपल्याकडे सर्रास बटण म्हणतात. बॉबिनच्या मागे लाटेसारखा वाकलेला स्प्रिंगचा वॉशर असतो, आणि सर्व काही सर्क्लिपने किंवा रिव्हेटने जागेवर धरलेले असते.

एवढा खटाटोप उष्णतेसाठी केलेला असतो. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा सुमारे दुपटीने प्रसरण पावते, पण घाट उतरताना खरोखर तापते ते बाहेरचे कडे, आणि आतला भाग तुलनेने थंड राहतो. 310 मिमीचे पोलादी कडे 300 अंशांनी तापले तर त्याचा व्यास सुमारे 1 मिमीने वाढतो. कडे आणि कॅरियर एकमेकांना घट्ट जखडलेले असते तर या वाढीला जायला जागा मिळाली नसती आणि डिस्क बशीसारखी वाकली असती. बॉबिनमुळे कड्याला फुगायला जागा मिळते, शिवाय ते दोन पॅडच्या मधोमध स्वतःहून स्थिरावते. हातोडीने बॉबिनचे तोंड चेपले की नेमकी हीच मोकळीक नाहीशी होते. आवाज आठवडाभर थांबेल, पण पुढच्या घाटात तापलेली डिस्क वाकेल आणि चेपलेल्या रिव्हेटला तडा जाण्याची शक्यता निर्माण होईल.

आता मुख्य प्रश्न. 'सैल' या एका शब्दात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात आणि बहुतेक चुकीची निदाने तिथेच होतात. कडे आत-बाहेर, म्हणजे चाकाच्या आसाच्या दिशेने, किंचित हलत असेल तर ती त्याची रचना आहे. वॉशर जुने झाले की ही हालचाल थोडी वाढते आणि रस्त्याच्या धक्क्यांनी खडखड होते. लिव्हरला बोट लावताच पॅड कड्याला धरतात आणि आवाज बंद होतो. तुमचे पहिले लक्षण हेच असावे. कडे जर फिरण्याच्या दिशेने, म्हणजे चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेने, कॅरियरच्या तुलनेत पुढे-मागे सरकत असेल, तर बॉबिन किंवा त्याचे भोक झिजले आहे. ब्रेकचा सगळा जोर पॅडकडून कड्याला, कड्याकडून बॉबिनला, बॉबिनकडून कॅरियरला आणि तिथून हबला जातो. त्या वाटेवर मोकळी जागा असेल तर प्रत्येक ब्रेकला तिथे घण बसतो. तुमचे दुसरे लक्षण मला या जातीचे वाटते, पण अजून खात्रीने सांगणार नाही.

चिपळूणची_स्वार

सह्यकडादादांचे म्हणणे पटले, तरीही आंबेनळी, डिस्कवर खर्च करण्याआधी पॅडची हालचाल जरूर पाहा. माझ्या गाडीला हुबेहूब असाच 'टक्' येत होता. आमच्याकडे जांभ्याची लाल माती असते, आणि पावसाळ्यात ती कॅलिपरमध्ये जाऊन वाळली की पॅड जिथे टेकतात ती जागा आणि पॅडची पिन, दोन्ही घासून निघतात. मी कॅलिपर उघडला तेव्हा पिनेवर नखाला लागेल इतकी खाच पडली होती, आणि पॅडना वरून दाबून धरणारी पत्र्याची स्प्रिंग तर आत नव्हतीच. आधी कोणी पॅड बदलताना ती बाहेरच राहून गेली असणार. पिन आणि स्प्रिंग दोन्ही नवीन घातल्यावर माझा खर्च चारशेच्या आत आटोपला आणि ठोका पूर्ण बंद झाला.

हे ओळखायला मी जी पद्धत वापरली ती सांगते. एकाने गाडीवर बसून पुढचा ब्रेक धरावा आणि गाडी पुढे-मागे हलवावी. दुसऱ्याने एक बोट पॅड आणि कॅलिपर यांच्या कडेवर ठेवावे, मग बॉबिनवर, मग फोर्कची नळी जिथे खालच्या भागात शिरते तिथे, आणि शेवटी हँडलच्या खालच्या प्लेटपाशी. ठोका जिथून निघतो तिथे तो बोटाला टोचल्यासारखा लागतो, इतर ठिकाणी फक्त थरथर जाणवते. कानावर मुळीच विसंबू नका; धातूच्या सांगाड्यात आवाज कुठूनही कुठेही पोचतो. तुमचा कोनसेट विनाकारण बदलला गेला तो बहुधा यामुळेच.

आंबेनळी

दोघांचेही मनापासून आभार. हबचे आणि कॅलिपरचे बोल्ट घट्ट आहेत. काल संध्याकाळी धाकट्या भावाला गाडीवर बसवून बोटाची पद्धत वापरली. फोर्कपाशी आणि हँडलच्या प्लेटपाशी केवळ थरथर जाणवते. पॅड किंचित हलतात, स्प्रिंग जागेवर आहे, पिन गुळगुळीत आहे. ठोका बॉबिनपाशीच लागतो, पण डावीकडे की उजवीकडे हे ठरवता आले नाही. दोन्हीकडे हालचाल अगदी थोडी, सारखीच वाटते. इतक्या थोड्या हालचालीने एवढा ठोका बसेल का?

सह्यकडा

दोन डिस्कच्या गाडीत इथे एक चकवा आहे. दोन्ही कॅलिपर एकाच वेळी धरतात, तेव्हा ज्या डिस्कमध्ये मोकळीक कमी ती आधी अडते आणि चाक तिथेच थांबते. जास्त झिजलेल्या डिस्कला आपली पूर्ण झीज दाखवायची संधीच मिळत नाही. म्हणून दोन्हीकडे हालचाल सारखीच दिसली.

गाडी स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करा. डावा कॅलिपर सोडवा, त्याला नळीवर लोंबकळू न देता तारेने वर बांधा, आणि त्याच्या पॅडमध्ये डिस्कच्या जाडीइतका लाकडाचा तुकडा घाला. हे विसरू नका, नाहीतर लिव्हर दाबताच पिस्टन बाहेर येतील. मग लिव्हर दोरीने हँडलला बांधून टाका. आता चाक फक्त उजव्या डिस्कने धरलेले असेल. कॅरियरवरून कड्यावर जाणारी एक सरळ रेघ पांढऱ्या मार्करने ओढा आणि चाक हाताने पुढे-मागे करा. रेघ सांध्यापाशी तुटते का, आणि किती तुटते, ते पाहा. नंतर हीच कृती दुसऱ्या बाजूला करा. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे काट्याचे माप) मिळाल्यास उत्तमच, पण रेघेनेही पुष्कळ कळते.

एक विनंती आहे. उघडलेच आहे तर डिस्कची जाडीही मोजा. कॅरियरवर किंवा कड्यावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो.

कराडकर_जुना

विषय थोडा बाजूला जातो आहे, पण इथेच विचारतो. माझ्या गाडीच्या डिस्कमधून काहीच आवाज येत नाही, मात्र हलका ब्रेक लावल्यावर लिव्हर बोटांखाली धडधडतो. हा बॉबिनचाच प्रकार असू शकतो का?

सह्यकडा

काका, असू शकतो, आणि विषय बाजूला गेलेला नाही, कारण हीच नाण्याची दुसरी बाजू आहे. पॅडची भुकटी आणि गंज साचून बॉबिन अडकले की कडे हलायचे थांबते, कुठेतरी तिरके राहते आणि प्रत्येक फेरीला पॅड ढकलते. अशी डिस्क अगदी शांत असते. बॉबिनच्या भोकातून वॉशर लावून एक बोल्ट आरपार घाला, नटाने हलका आवळा आणि ब्रेक क्लीनर फवारत बॉबिन हाताने फिरवा. सुरुवातीला काळे पाणी निघेल. बॉबिन सहज फिरू लागेपर्यंत करत राहा. तेल किंवा ग्रीस मात्र चुकूनही लावू नका. एवढे करूनही धडधड राहिली तर डिस्कचा लाटपणा, म्हणजे फिरताना ती किती डोलते ते, डायल गेजने मोजा. गाडीनुसार पुस्तिकांमध्ये त्याची मर्यादा साधारण 0.1 ते 0.3 मिमी दिलेली असते. एक लक्षात ठेवा, डिस्कवर पॅडचा थर कमी-जास्त बसला असला तरीही अशीच धडधड होते, आणि तेव्हा गेज काहीच दाखवत नाही.

आंबेनळी

रविवारची सकाळ त्यातच गेली. मित्राच्या वर्कशॉपातून डायल गेज आणला होता. एकेक कॅलिपर सोडवून मोजल्यावर फिरण्याच्या दिशेची मोकळीक डावीकडे 0.3 मिमी आणि उजवीकडे 0.9 मिमी निघाली. उजवीकडची रेघ डोळ्यांना स्पष्ट तुटलेली दिसत होती. चाक थोडे मागे केले की जुळायची, पुढे केले की पुन्हा तुटायची. तो 'टक्' आता मला दिसत होता.

उजव्या डिस्कच्या दहा बॉबिनांपैकी सात रिव्हेटमध्ये सैल फिरतात. दोन ठिकाणी भोकाची कॅरियरकडची कड इतकी दबली आहे की तिथे नख अडकते. आता नुसते बॉबिन बदलून भागेल का? बाजारात बॉबिनचे संच मिळतात. कोल्हापूरला लेथवर बनवून घेण्याचाही विचार आहे.

उद्यमनगरवाला (कोल्हापूर)

मी शिवाजी उद्यमनगरात 24 वर्षे लेथ चालवतो आहे, म्हणून स्पष्ट बोलण्याचा अधिकार घेतो. बॉबिन वळून देणे अवघड नाही. दिसायला तो साधा तुकडा आहे. अडचण दुसरीकडे आहे.

पहिली गोष्ट धातूची. कंपनीचा बॉबिन ठरावीक दर्जाच्या ॲल्युमिनियमचा आणि वरून कडक ॲनोडाइझ केलेला असतो, किंवा चांगल्या पोलादाचा असतो. आमच्याकडे गिऱ्हाईक जी सळई घेऊन येते, तिच्यावर दर्जाचा कोणताही शिक्का नसतो. ती वळताना चिप कशी पडते यावरून मला अंदाज येतो, पण अंदाजावर मी शेतीच्या पंपाचे बुश देईन, ब्रेकचा भाग देणार नाही.

दुसरी गोष्ट भोकाची. तुमच्या दोन भोकांची कड दबली आहे, म्हणजे ती आता गोल राहिलेली नाहीत. लंबगोल भोकात नवा गोल बॉबिन घातला की तो एका रेषेवरच टेकणार, आणि दहांपैकी दोन बॉबिन जोर घेणार नाहीत. उरलेल्या आठांवर भार वाढेल आणि ते लवकर झिजतील. हे नीट करायचे तर कडे आणि कॅरियर एकत्र बांधून दहाही भोके मिलिंगवर सारख्या मापाने मोठी करावी लागतील, आणि मग प्रत्येक बॉबिन त्या मापाचा, शतांश मिलिमीटरच्या हिशेबाने वळावा लागेल. त्याची मजुरी प्रामाणिकपणे लावली तर नव्या डिस्कच्या जवळ जाईल, आणि हमी कोणाचीच राहणार नाही. भोके गोल आणि शाबूत असतील तिथे तयार संच घाला, त्याला माझी हरकत नाही. रिव्हेटचे डोके काढताना कॅरियरला ग्राइंडर लागणार नाही एवढे मात्र पाहा.

श्टुटगार्टकर

इथल्या अनुभवाची छोटी भर घालतो. जर्मनीत मोटरसायकलची दर 2 वर्षांनी सक्तीची तपासणी होते, आणि कंपनीबाहेरची डिस्क लावली असेल तर तिच्यावरचा मान्यतेचा क्रमांक पाहिला जातो. माझ्या गाडीच्या डिस्कची खडखड ऐकून तपासनिसांनी ती हाताने आत-बाहेर हलवली, फिरण्याच्या दिशेने तपासली, आणि काही न बोलता पुढे गेले. आवाज त्यांच्या लेखी दोष नव्हता. कंपनीबाहेरची डिस्क घेणार असाल तर असा क्रमांक असलेली घ्या, एवढेच सुचवतो.

चिपळूणची_स्वार

आंबेनळी, जाडी मोजलीत का? सह्यकडादादांनी विचारले होते आणि तुमच्या उत्तरात तो आकडा दिसला नाही. बॉबिनचा वाद त्या एका आकड्याने मिटू शकतो.

व्हर्नियर थेट लावू नका. पॅड डिस्कच्या अगदी टोकापर्यंत घासत नाहीत, त्यामुळे बाहेरच्या कडेला न झिजलेली उंच कड राहते आणि व्हर्नियरचे जबडे तिच्यावर टेकतात. मी रुपयाची दोन नाणी वापरते. आधी दोन्ही नाण्यांची मिळून जाडी मोजते, मग कडेच्या आतल्या बाजूला डिस्कच्या दोन्ही अंगांना एकेक नाणे धरून त्यांच्यावरून मोजते, आणि वजाबाकी करते. मायक्रोमीटर असेल तर हा उपद्व्याप करावा लागत नाही.

आंबेनळी

ताई, तुम्ही विचारलेत म्हणून बरे झाले. मी मोजली होती, पण व्हर्नियर थेट लावला होता आणि 4.9 मिमी आल्यामुळे निश्चिंत होऊन लिहायचे राहून गेले. आज तुमच्या पद्धतीने चार-चार ठिकाणी मोजली. डावी 4.6, उजवी 4.5, आणि उजवीला एका ठिकाणी 4.4. कॅरियरवर किमान 4.5 कोरलेले आहे. नवी डिस्क 5.0 ची असते.

म्हणजे बॉबिन उत्तम असते तरीही उजवी डिस्क संपलेली आहे, आणि डावी संपत आली आहे. ज्या डिस्कचे बॉबिन वाचवायचा विचार मी आठवडाभर करत होतो, ती मुळात ठेवण्यासारखीच नव्हती.

सह्यकडा

मग दोन्ही एकत्र बदला. एक नवी आणि एक 4.6 ची ठेवलीत तर दोन्ही बाजूंचे तापणे आणि पकडणे सारखे राहणार नाही. पॅडही नवे घ्या. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कच्या खाचांचे ठसे असतात.

बसवताना खरी मेहनत हबच्या तोंडावर घ्या. कॅरियर जिथे टेकतो ती जागा तारेच्या ब्रशने आणि कापडाने लख्ख करा. रंगाचा किंवा गंजाचा लहानसा खपलाही तिथे राहिला तर तो बाहेरच्या परिघावर कित्येक पटींनी डिस्क डोलवतो. बोल्ट शक्यतो नवे, मधल्या ताकदीचे थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) एकेक थेंब, समोरासमोरच्या क्रमाने दोन टप्प्यांत, आणि टॉर्क तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला. दुसऱ्या गाडीचा आकडा घेऊ नका, एकाच मापाच्या बोल्टांचे आकडेही कंपनीगणिक बरेच बदलतात. एबीएस असलेल्या गाड्यांसाठी वाचणाऱ्यांना सांगून ठेवतो: काही गाड्यांत चाकाचा वेग मोजण्यासाठीची दातेरी कडी डिस्कच्याच बोल्टांखाली असते, ती त्याच बाजूने परत बसली पाहिजे.

आंबेनळी

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. नव्या डिस्क कंपनीच्याच घेतल्या, दोन्ही. माझ्या महिन्याच्या अंदाजपत्रकाला धक्का देणारा खर्च होता, पण घाटातला तो ठोका बोटांनी अनुभवलेला असल्यामुळे मनात दुमत नव्हते.

हबच्या डाव्या तोंडावर, जुन्या डिस्कखाली, गंजाचा अर्धचंद्राकृती पट्टा निघाला. तो साफ करायलाच तासभर लागला. पुस्तिकेप्रमाणे 23 न्यूटन मीटरवर बोल्ट आवळले. लाटपणा डावीकडे 0.05 आणि उजवीकडे 0.06 मिमी आला. ब्रेक ऑइल डॉट 4 नवीन भरले. मग सातारा-कोरेगाव रस्त्यावर पहाटे रहदारी नसताना 60 वरून 20 पर्यंत, गाडी पूर्ण न थांबवता, मध्ये गार होऊ देत, तीसेक वेळा मध्यम ब्रेक लावला. पहिल्या दहा वेळा पकड फारच कमी होती; विसाव्याच्या सुमारास ती एकसारखी झाली.

गाडी हाताने ढकलून ब्रेक दाबला तर ठोका नाही. मागे ओढली तरी नाही. गतिरोधकावर मात्र नव्या डिस्कही अगदी बारीक किणकिणतात, आणि लिव्हरला बोट लावले की थांबतात. महिन्यापूर्वी मी या आवाजाने धास्तावलो असतो.

दोन्ही डिस्कवर मार्करची रेघ ओढून ठेवली आहे. काल पत्नीसह आंबेनळी घाट पुन्हा उतरलो. पोलादपूरला चहासाठी थांबलो तेव्हा डिस्कना हात लावता येत नव्हता इतक्या त्या तापल्या होत्या. गार झाल्यावर खाली बसून दोन्ही बाजूंना ब्रेक धरून पाहिला. रेघ सरळ होती.

चिपळूणची_स्वार

छान झाले. जुन्या डिस्क भंगारात देताना त्यांवर काट मारून द्या, म्हणजे त्या दुसऱ्या कोणाच्या गाडीला लागणार नाहीत.

आंबेनळी

उजवी ग्राइंडरने कापून दिली. डावी उद्यमनगरवाले काकांकडे पाठवतो आहे. त्यांनी मुलांना शिकवायला मागितली होती.